सवयीने हात वर गेले!

मंडळी, भलतीच फजिती झाली.

वीस वर्षं क्रिकेटची पंचगिरी केली. आज कोथरूडच्या मैदानावर अमेरिकन फुटबॉलमध्ये पहिल्यांदाच सगळ्यांच्या मागे उभा राहणारा पंच झालो. मुख्य पंच शेख मॅडमनी बजावलं होतं, "अहो, चेंडू नका बघू, माणसं बघा."

पहिलाच लांब चेंडू माझ्या डोक्यावरून बाहेर गेला आणि माझे दोन्ही हात वर! क्रिकेटमध्ये षटकार. इथे त्याच खुणेने सहा गुण मिळतात, आणि हा चेंडू तर नुसता वाया गेलेला. एक संघ नाचायला लागला, दुसरा माझ्या अंगावर धावून आला.

मॅडम थंडपणे म्हणाल्या, "षटकार छान होता. आता तुम्हीच समजवा त्यांना."

कशीबशी चूक कबूल केली.

जुनी सवय कशी आवरता हो तुम्ही? उद्या पुन्हा तिथेच उभं राहायचंय, आणि हात हेच आहेत.