दोनदा विचारणारी

अक्षता, हे तुला उद्देशून लिहितेय, पण पाकिटात घालून देणार नाही. तुझं काम काय, असं कुणी विचारलं आणि मी सांगायला लागले, की लोक मध्येच म्हणतात, "म्हणजे कॉल सेंटर ना?" मला वैताग येतो. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते. तोंडावर कौतुक करणं मला जमत नाही, तेव्हा इथून पुढे तू 'ती', आणि मीसुद्धा गोष्टीतली पद्मजाबाई. काही चुकलं तर खाली येऊन भांड. दार उघडंच असतं.

तर भांडुपच्या आमच्या इमारतीत चौथ्या मजल्यावर अक्षता तिच्या आजीबरोबर राहते. आजी शेवंती मालवणकडची, नवरा गिरणीत होता तेव्हा मुंबईत आलेली. नातीच्या कामाबद्दल ती सगळ्यांना सांगते, "आमचा चेडू फोनातल्या बायेक बोलूक शिकयता." खरं म्हणजे याहून नीट कुणाला सांगता आलेलं नाही. आपण फोन उचलतो, पलीकडे यंत्र बोलतं. त्या यंत्राने काय विचारायचं, कुठे थांबायचं, माणूस भलतंच बोलला तर काय म्हणायचं, हे कुणीतरी आधी बसून लिहावं लागतं. अंधेरीच्या ऑफिसात बसून अक्षता ते मराठीतून लिहिते.

आधी ती तीन वर्षं खरोखरच फोनवर बसायची, लोकांच्या तक्रारी ऐकत. शिव्या खाऊन खाऊन तिला एक कळलं होतं, की माणूस चिडतो तो तेच तेच विचारल्यावर. त्यामुळे ती यंत्राचं बोलणं लिहायला लागली तेव्हा तिचा पहिला नियम ठरला: प्रश्न एकदाच. उत्तर मिळालं की पुढे सरकायचं.

मुलुंडच्या एका डोळ्यांच्या दवाखान्याचं काम तिच्याकडे आलं. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेल्यांना तपासणीच्या आदल्या दिवशी यंत्राने फोन करायचा आणि विचारायचं, न्यायला गाडी पाठवू का? गाडी दवाखान्याचीच, फुकट. अक्षताने संवाद लिहिला आणि ऐकवायला पद्मजाबाईंकडे आली.

"उद्या सकाळी तुमची तपासणी आहे. गाडी पाठवू का?" तिच्या लॅपटॉपमधली बाई म्हणाली.

"पाठव," पद्मजाबाई म्हणाल्या.

"पाठवते. साडेनऊला तयार राहा."

"संपलं? झकास! उगाच नमस्कार-चमत्कार नाहीत. अशीच राहू दे गं."

पद्मजाबाईंनी कॉलेजात तीस वर्षं संख्याशास्त्र शिकवलं, त्यामुळे त्यांना पाल्हाळ सहन होत नाही. अक्षता खूश होऊन गेली.

महिन्याभरात वाट लागली. निम्मे पेशंट तपासणीला येईनात. काही रिक्षाने धडपडत आले आणि "गाडी का नाही पाठवली?" म्हणून डॉक्टरांवरच उखडले. नोंदी बघितल्या तर यातल्या प्रत्येकाने गाडीला 'नको' म्हटलेलं. दवाखान्याने कळवलं, हे मराठी बोलणं बंद करा, 'हो'साठी एक दाबा, 'नाही'साठी दोन दाबा, असं साधं काहीतरी लावा.

"डोळ्याला पट्टी आहे त्यांच्या!" अक्षता पद्मजाबाईंसमोर येरझाऱ्या घालत होती. "एक दाबा म्हणे! दिसणार आहे का एक? आणि काकू, हे गेलं ना, तर ऑफिसात मराठीचं कामच बंद. आमचा साहेब, मिहिर, सांगतोय, मग मी इंग्रजीच्या टीमला चहा विचारत फिरायचं."

"मग लोक नको का म्हणतात ते शोध. माझ्याकडे काय रडतेस?"

ती रेकॉर्डिंग ऐकत बसली. सगळी म्हातारी माणसं, आणि सगळी गोड बोलणारी. "नको गं बाई, एवढ्याशासाठी गाडी कशाला?" यंत्र म्हणायचं, "ठीक आहे. गाडी रद्द केली." एक आजोबा तर फोन ठेवता ठेवता बायकोला सांगत होते, "काय गं ही, लगेच रद्द!" अक्षताला वाटलं, प्रश्नच नीट कळत नसेल. तिने शब्द सोपे केले. तरी उत्तर तेच.

शेवटी शुक्रवारी संध्याकाळी मुलुंडच्या दवाखान्यातून दोघं परतताना मिहिर तिला घरी सोडायला आला. सोमवारी मराठी बंद, हे त्याला समोर बसून सांगायचं होतं. पोरगा सभ्य. शेवंतीने दार उघडलं. स्वयंपाकघरात घावण्यांचा वास.

"बस रे झिला. घावणे घालतंय, खातलंस मां?"

"नको आजी, आत्ताच खाल्लंय."

"पातळ आसत. पोटात जागा करतत."

"नाही, खरंच नको. उगाच तुम्हाला त्रास."

"त्रास कसलो? तवो तापलेलोच आसा. घे."

ताटली पुढे आली. मिहिरने एक खाल्लं, खोबऱ्याची चटणी मागून घेतली, आणि बोलता बोलता पाच संपवली. अक्षता त्याच्याकडे बघतच राहिली.

"मिहिर, तू दोनदा नको म्हणालास."

"अरे, पहिल्यांदाच हो म्हणून बसणार का कोणाच्या घरी? बरं दिसतं का?"

"आजीच्या जागी आपलं यंत्र असतं, तर तू उपाशी घरी गेला असतास."

मिहिर इतका हसला, की शेवंती तव्यावरचं घावण सोडून बाहेर आली.

"काय झाला गे? मीठ जास्त पडला?"

सोमवारऐवजी त्याने दवाखान्याकडून पंधरा दिवसांची मुदत मिळवून आणली. अक्षताने रेकॉर्डिंग पुन्हा ऐकली. नुसतं 'नको' म्हणून गप्प बसणारे थोडे होते. त्यांना खरंच गाडी नको होती, मुलगा नेणार होता किंवा घर दोन पावलांवर होतं. पण 'नको'ला जोडून जे 'कशाला', 'उगाच', 'तुम्हाला त्रास' असं काही बोलले, ते सगळे पुढच्या आग्रहाची वाट बघत होते. मग अशांसाठी तिने फोनातल्या बाईला नवं बोलणं दिलं: "गाडी तुमच्याच बाजूला येतेय, त्रास कसला? पाठवते हं." आणि नुसतं 'नको' आलं, तर एका शब्दानेही पुढे विचारायचं नाही.

गाड्या भरून जायला लागल्या. मराठी राहिलं, अक्षता राहिली, आणि पुढच्या महिन्यात घाटकोपरच्या दुसऱ्या दवाखान्याचं कामही तिच्याकडे आलं. ऑफिसच्या फळ्यावर आता दोन नावं आहेत. आग्रह करायचा ते बोलणं 'शेवंती', आणि एकदा विचारून गप्प बसायचं ते 'पद्मजा'. हे ऐकून पद्मजाबाई दिवसभर खुशीत होत्या. शेवंतीला सांगितलं तर ती म्हणाली, "माझा नाव फळ्यावर? मग फोनात कोणाक घावणे कसे देतलास?"

त्यानंतरची गोष्ट. पद्मजाबाईंचा नवा चष्मा घाटकोपरच्या दुकानात तयार होऊन पडला होता. अक्षताचा फोन आला.

"काकू, मी घाटकोपरलाच आहे, दुकानासमोर. चष्मा घेऊन येऊ?"

"नको," पद्मजाबाई म्हणाल्या. का म्हणाल्या, कोण जाणे. आणि फोन कानाला तसाच धरून उभ्या राहिल्या.

"बरं काकू," अक्षता म्हणाली आणि तिने फोन ठेवला.

चष्मा अजून घाटकोपरलाच आहे. हे सगळं जुन्याच चष्म्याने लिहिलंय.