गर्डरची टोकं

माझ्या घराच्या भिंतीतून लोखंडी गर्डरची टोकं हात-हात बाहेर आलेली आहेत. मुद्दामच ठेवली. पुढं गॅलरी काढायची होती. जिंतूरच्या एसटीतून जाणाऱ्याला कळलं पाहिजे, हा गडी एवढ्यावर थांबणारा नाही.

लेक पहिल्या बाळंतपणाला आली ती ऐन थंडीत. मी तिला माझी ही पक्की खोली दिली आणि स्वतः मागच्या मातीच्या खोलीत खाट टाकली. खिडक्यांना पोती लावली, दाराला गोधडी. बाजेखाली शेगडी, दोरीवर बाळाचे ओले लंगोट. एवढं करून पहाटे बाळाच्या टाळूवर थेंब पडला. मग दुसरा.

"छत गळायलंय," मी म्हणालो.

"पाऊस कुठंय?" बायकोनं स्टुलावर चढून गर्डरला हात लावला. "भिंत बरी हाय, लोखंड बर्फ हाय. बाहेरचा गारठा ह्याच्यातून सरळ आत यायलाय, खोलीतली वाफ ह्याच्यावर पाणी होऊन गळायलीय. टोकं कापून टाका."

पोरानं वेल्डर बोलावला. मी टोकाखाली खुर्ची टाकून बसलो. "आधी माझी मान काप."

वेल्डरनं पोराकडं बघितलं, मशीन उचललं आणि गेला.

दोन रात्रींत बाळाची छाती घरघरायला लागली. लेक उठली. बाळाला पदरात गुंडाळून मागच्या खोलीत माझ्या खाटेवर जाऊन निजली. शेगडीही गेली.

"आता मी कुठं झोपू?"

"दादा, गर्डर तुमचे, खाली तुमीच झोपा," पोरगा म्हणाला. "गॅलरीचं सपान बी पडंल."

बायको हसली. मागून लेकही हसली, ते मला ऐकू आलं.

मी झोपलो. दुसरी शेगडी पेटवली, तिच्यावर सकाळसाठी पाण्याचं पातेलं ठेवलं. मागच्या खोलीत बाळाची छाती मोकळी झाली, हे मला शेजारणीकडून कळलं. घरात कुणी सांगितलं नाही.

एका सकाळी बायको चहा घेऊन आली.

"कपाळ वलं कशानं?"

"घाम हाय."

"ह्या थंडीत?"

"पक्क्या घरात गरम व्हतं."

तिनं कपबशी नेमकी गर्डरखाली ठेवली आणि दारात उभी राहिली, मी ती सरकवतो का बघत. मी हललो नाही. टप्पकन थेंब चहात पडला. मी तो चहा तिच्या डोळ्यांदेखत शेवटपर्यंत प्यालो.