मासळीच्या टपातलं पाणी आणि आमचं मेडल

गेल्या रविवारी उत्तनला आमच्या रनिंग क्लबची उन्हाळी शर्यत होती... आणि आम्हाला मेडल मिळालं! आम्हाला म्हणजे मला आणि हंसाबेनना. ज्यांना हसायचंय त्यांनी आत्ताच हसून घ्या, पुढे चान्स मिळणार नाही.

आमचा क्लब म्हणजे जेसल पार्कच्या खाडीकिनारी सकाळी धावणारी पंचवीस-तीस माणसं. कोणी रिक्षा चालवतं, कोणी शिकवण्या घेतं, मी दवाखान्यात केसपेपर लिहिते. हंसाबेन समोरच्या बिल्डिंगमधल्या, माझ्यापेक्षा दहा वर्षांनी मोठ्या, पक्क्या शाकाहारी.

आणि मी रत्नागिरीची! दर रविवारी मी बोंबील तळायला घेतले की त्यांच्या किचनची खिडकी बंद होते. बोलत काही नाहीत, पण तो खट्ट आवाज येतो ना... लागतो मनाला.

आमच्या शर्यतीचा नियम जगावेगळा आहे. जोडीने धावायचं, आणि मागची जेव्हा पोचेल ती जोडीची वेळ. बारा किलोमीटर, थोडा डांबरी रस्ता, थोडी डोंगरातली पायवाट, आणि पावणेदोन तास. तेवढ्यात दोघी पोचल्या तर दोघींना मेडल, नाहीतर दोघींना केळं.

गेल्या वर्षी आम्हाला केळं मिळालं. माझ्यामुळे. चढावर पोटरीत गोळा आला आणि मी वाटेतच फतकल मारून बसले. हंसाबेन माझे पाय चोळत बसल्या, एका शब्दाने बोलल्या नाहीत.

चार शिव्या दिल्या असत्या तर बरं वाटलं असतं हो... वर्षभर ते केळं माझ्या घशात अडकलं होतं. यंदा काहीही झालं तरी बाईंच्या गळ्यात मेडल पडलंच पाहिजे, असं मी ठरवून टाकलं.

साडेसहाची शर्यत सुटली सात वाजता, कारण आमचे नाईक सर पाण्याच्या टेम्पोची वाट बघत होते. सर म्हणजे निवृत्त पीटी मास्तर, उत्साह दांडगा. मे महिना, सातलाच कपाळावरून धारा... पण पाय मस्त चालत होते. पाच किलोमीटरपर्यंत आम्ही शेवटून चौथ्या होतो. आमच्यासाठी ही आघाडीच!

सातव्या किलोमीटरला, चढाच्या पायथ्याशी पाणी ठेवलं होतं. लांबूनच दिसलं, लोक ग्लास तोंडाशी नेतायत आणि तसाच परत ठेवतायत. आमच्या सरांनी काय केलं होतं माहितीये? सगळ्यांना थंडगार पाणी पाजायचं म्हणून गावातल्या भानूमावशींचे मोठे टप मागून आणले होते. मासळी बर्फात ठेवायचे टप! त्यातच बर्फ, त्यातच पिण्याचं पाणी.

मावशी कमरेवर हात ठेवून तिथेच उभ्या होत्या, जाम चिडलेल्या. "तीन येला साबनानं धुतलाय टप! कुठं हाय वास?"

वास होता. चांगला ओळखीचा होता.

हंसाबेननी ग्लास तोंडाजवळ नेला आणि त्यांचा चेहराच उतरला. त्यांची बाटली कधीच संपली होती. सर स्कूटर काढून दुकानातून बाटल्या आणायला पळाले होते, पण त्यांची वाट बघत बसलो असतो तर वेळ गेलीच म्हणून समजा. हंसाबेन मटकन दगडावर बसल्या. "तू जा, सुनीता. मला नाय जमणार आता."

अहो, मी एकटी जाऊन काय करू? मेडल जोडीला! आणि एकटीला मिळत असतं तरी गेले नसते.

माझ्या कमरेला कोकम सरबताची बाटली होती. घरचं सरबत, शेवटच्या चढासाठी घोटघोट राखून ठेवलेलं... ती अख्खी त्यांच्या हातात दिली. आणि मी वळले टपाकडे. एक ग्लास, दोन ग्लास, तीन ग्लास. चौथा सरळ डोक्यावर ओतला. भानूमावशींचा राग कुठल्या कुठे पळाला. "ही बघा आपली बाय!"

खरं सांगते, इतकं गोड पाणी जन्मात प्यायले नव्हते.

हंसाबेननी बाटली संपवली, पदर खोचावा तसा टी-शर्ट खोचला आणि उठल्या. चढावर तीच जागा आली, गेल्या वर्षी मी बसले होते ती. त्यांनी माझा दंड धरला. "इथे नाय बसायचं हां!" आम्ही खदाखदा हसत ती जागा ओलांडली.

उतार संपून शेवटचा रस्ता लागला तेव्हा सर घड्याळ घेऊन तिथे हजर. दोन मिनिटं राहिली! एक मिनिट! मी हंसाबेनना ओढत होते की त्या मला, देव जाणे. एक तास, चव्वेचाळीस मिनिटं, वीस सेकंद. चाळीस सेकंद राखून... दोघी!

मी तर रस्त्यातच नाचले. हंसाबेननी मेडल गळ्यात पडल्या पडल्या मला घट्ट मिठी मारली आणि रडायलाच लागल्या. माझ्या केसांना, टी-शर्टला सगळा मासळीचा वास... मी लाजून मागे सरायला गेले तर सोडेचनात. मग मीही रडून घेतलं.

भानूमावशी, तुम्ही हे वाचणार नाही, पण तुमच्या तीनदा धुतलेल्या टपाचे उपकार मी विसरायची नाही.

आज परत रविवार. मघाशी बोंबील तव्यावर टाकले आणि सवयीने कान टवकारले. खट्ट झालंच नाही. बघते तर समोरची खिडकी सताड उघडी, आणि ग्रिलला मेडल टांगलेलं, अख्ख्या सोसायटीला दिसेल असं.

मी हातानेच विचारलं, बंद नाही करायची? हंसाबेन तिथून ओरडल्या, "बंद करू तर मेडल कोण बघेल?"