गोचिडांचा स्प्रे

सासूबाईंच्या पांढऱ्या सोफ्यावरून गोचीड चालत निघाला होता, आणि तो माझ्या आईच्या अंगावरून उतरला होता याबद्दल घरात कुणालाच शंका नव्हती. आई म्हणजे आमची याडी. फुलसावंगीकडच्या आमच्या तांड्यावरून ती सकाळी शेळ्यांना चारा टाकून, तशीच एसटीत बसून यवतमाळला मला भेटायला आली होती.

सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांनी कागदाने गोचीड उचलला, बेसिनमध्ये सोडला आणि सोफ्याची खोळ धुवायला टाकली. त्या आमच्याच समाजातल्या, पण शहरात वाढलेल्या. तोंडाने बोलल्या असत्या तर मी भांडले असते, भांडायला मला मुहूर्त लागत नाही. पण त्यांचं ते गप्प राहणं असं झोंबलं की मी याडीवरच उखडले. स्वयंपाकघरात नेऊन दबक्या आवाजात म्हणाले, "अंग झटकून येता येत नाही का तुले?" याडीने ओढणी पुढे ओढली. त्या दिवशी परत जाईपर्यंत ती फरशीवरच बसली.

दिवाळीला तांड्यावर जायच्या आधी मी मेडिकलमध्ये गेले. डासांचं मलम होतं, मुलांच्या शर्टाला लावायचे स्टिकर होते, गवती चहासारख्या वासाचं तेल होतं. सगळ्यांवर चित्र डासाचंच, बाकीच्या किड्यांना जणू भूकच लागत नाही. शेवटी एका स्प्रेवर बारीक अक्षरांत गोचिडांचं नाव सापडलं. किती तास पुरतो, कपड्यांवर मारला तर चालतो का, हे सगळं मी तिथेच उभं राहून वाचलं. दुकानदाराने विचारलं, "जंगलात फिराले चालल्या का मॅडम?" मी हो म्हटलं. आईसाठी हवाय हे सांगायची मला लाज वाटली.

आमच्याकडे दिवाळीत मुली नटूनथटून, गाणी म्हणत रानात फुलं तोडायला जातात. गवत तेव्हा गुडघ्याच्या वर असतं. वाट दाखवायला याडी दरवर्षी पुढे असते. तिने फेटिया-काचळी, म्हणजे आमची घागरा-चोळी, घातली, दागिने चढवले, आणि मी बाटली घेऊन तिच्यासमोर उभी राहिले.

"कायले वं? मले काय चावते आता?" लग्नानंतर माझी गोरबोली, आमची तांड्यावरची भाषा, सुटत गेली, म्हणून तीही माझ्याशी वऱ्हाडीतच बोलते.

"गवतातल्या किड्यांनं ताप येते. यंदा किती लोक पडून राह्यले," मी म्हटलं. ते खोटं नव्हतं. पण माझ्या डोक्यात ताप नव्हता, सोफा होता.

तिने मुकाट्याने हात वर केले. पाय, मान, दंड, मी सगळीकडे भरपूर फवारलं. तिच्या दंडांवर लग्नातल्या पांढऱ्या बांगड्या आहेत, कोपरापासून वर चढत गेलेल्या. तिच्या आईच्या हस्तिदंती होत्या, याडीच्या वेळेस प्लास्टिकच्या आल्या. नवरा असेपर्यंत त्या उतरवत नाहीत, आणि माझे वडील अजून रोज शेतात मोटर सुरू करायला जातात.

दुपारी मुली टोपल्या भरून परतल्या. याडी मागून आली, ओढणीने दंड झाकून. बांगड्या चिकट झाल्या होत्या, एकमेकींत रुतल्या होत्या. तिने पुसायला हात फिरवला तिथे बोटांचे ठसे उमटले होते. एक पिवळी पाकळी अशी चिकटली होती की काढताना फाटली. मी पिशवीतून बाटली काढली. प्लास्टिकला लागू देऊ नये, असं लिहिलं होतं. गोचिडांच्या नावाच्या अगदी खाली.

"याडी, बाजारातून नव्या आणू."

"कोनाच्या लग्नातल्या आनशीन?" ती म्हणाली. मग माझं उतरलेलं तोंड पाहून तिलाच वाईट वाटलं असावं. "गोचीड मात्र एक बी नाही लागला. औषध बेस आहे तुहं. राहू दे मह्यापाशी."

मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी बाटली तिने मागितली याचं मनात कुठेतरी बरंही वाटलं, ते आठवलं की आता जास्तच लाज वाटते.

संक्रांतीनंतर ती पुन्हा यवतमाळला आली. घंटी वाजायच्या आधीच दाराबाहेर फुसफुस आवाज आला, म्हणून मी दाराच्या भिंगातून पाहिलं. जिन्यात गठुडं खाली ठेवून याडी उभी होती. दोन्ही दंडांवर जुन्या लुगड्याच्या चिंध्या गच्च बांधलेल्या, बांगड्यांना लागू नये म्हणून. ती घोट्यांवर, फेटियाच्या घेरावर, मानेवर फवारत होती. मग तिने ओढणी काढून झटकली, पुन्हा नीट घेतली आणि घंटी वाजवली.

मी दार उघडलं. तिच्या हातातली बाटली अजून अर्ध्याहून जास्त भरलेली दिसली, तेव्हा मी विचारलं, "रानात लावत नाहीस का?"

"रानात कायले लावू?" ती म्हणाली. "तुह्या घरी यायलेच ठेवलं."