तांडेलबाबांचे तीन डोंगर

तांडेलबाबांच्या मते डोंगराला तोंड असतं आणि ते समुद्राकडेच असतं. मनोरच्या, म्हणजे जमिनीच्या बाजूने दिसते ती त्याची पाठ, आणि पाठ बघून कुणी माणूस ओळखतं का, असा त्यांचा सवाल असे. जन्मभर बोटीतून डोंगर बघत त्यांनी बंदर गाठलं, पण एकाही डोंगरावर पाय ठेवला नव्हता. केळव्याला त्यांच्या घरात मी भाडेकरू होतो. नोकरी बोईसरच्या कारखान्यात. सुट्टीच्या दिवशी मी डोंगर चढायला जातो याचं त्यांना भारी हसू यायचं. "वर काय ठेवलंय तुजं?" असं विचारत आणि उत्तराची वाट न बघता जाळं सांधायला बसत.

वीसेक वर्षांपूर्वी डोळे अधू झाले तशी बोट मुलाकडे गेली, पण बाबांचं शिकवणं काही सुटलं नाही. मुलाकडे वाट दाखवणारं यंत्र होतं. तरी बाबा बजावत, "मशीन बंद पडलं तर डोंगर हाय. तिसऱ्या डोंगरावरचं एकटं झाड मधल्याच्या आडून भायेर आलं, की पान्यातला खडक मागं पडला. मग वळव." हे इतक्यांदा ऐकलं होतं, की मलाही पाठ झालं होतं.

दिवाळीनंतर यंत्र खरंच बंद पडलं. तिन्हीसांजेला बोट खडकावर फुटली आणि मुलगा गेला. वाचलेला खलाशी एवढंच सांगायचा, "झाड दिसलं म्हनाला नि वळवली." झाड दिसलं आणि तरी खडक लागला, म्हणजे प्यायलेला असणार, असं गावाने ठरवून टाकलं. हे टोमणे ऐकून ऐकून सुनेने बाजारात मासळी घेऊन बसणं सोडलं.

थंडीतल्या एका पहाटे बाबा कानटोपी घालून माझ्या दारात उभे राहिले. "मला वर ने. पान्यातनं बघायला डोळे नाय ऱ्हायले. त्ये झाड हातानं बघीन."

पहिल्या डोंगरावरच वारा अंगाला झोंबायला लागला. समुद्रावरच्या गारठ्यात उभं आयुष्य काढलेला माणूस कुडकुडत होता. दर चढावर बसत होता, पण परत फिरायचं नाव काढत नव्हता. यांना कशाला आणलं, असं मला झालं.

मधल्या डोंगराच्या कडेला सावरीचं एक उंच झाड होतं, पानं झडलेलं. बाबांनी त्याला कवेत घेऊन पाहिलं. "ह्ये माज्या वेळी नव्हतं," ते म्हणाले. मग तिसऱ्या डोंगराकडे निघाले.

तिसऱ्यावर झाडच नव्हतं. गवत कापणाऱ्या एका बाईने जळकं खोड दाखवलं. "वणव्यात गेलं, बाबा. लय वर्सं झाली."

बाबा खोडावर हात ठेवून बसून राहिले. माझ्याही ध्यानात आलं. मुलाने मधल्या डोंगरावरचीच सावर पाहिली होती, आणि बापाने सांगितलं तसा तो वळला होता. खडक अजून पुढेच होता.

उतरताना मी म्हटलं, "बाबा, हे आपल्या दोघांतच राहू द्या. आता सांगून कुणाचं भलं होणार आहे?"

ते माझ्यावर पहिल्यांदाच चिडले. "मंग त्यो दारुडाच ऱ्हाईल."

त्याच संध्याकाळी किनाऱ्यावर, सगळे जमलेले असताना, सुनेच्या देखत त्यांनी सांगितलं, "पोरगा शुद्धीत व्हता. मी शिकवलं तसाच वळला. चूक माजी हाय." सून पाठ फिरवून घरात निघून गेली.

पुढे मी बोईसरला राहायला गेलो. परवा बाबांना भेटायला गेलो, तेव्हा ते फार थकलेले दिसले. सुनेने त्यांच्यापुढे ताट ठेवलं, पाणी ठेवलं, आणि न बोलता आत गेली. त्या संध्याकाळपासून ती त्यांच्याशी एक शब्द बोललेली नाही. मला राहवलं नाही. त्रास होत नाही का, म्हणून विचारलं.

"व्हतो ना," बाबा म्हणाले. "पन बाजारात बसाय लागली ती. आता तिला कोन काय बोलत नाय."