सत्ताविसाव्या पानावरचं अंडं

इंग्लंडात डेव्हनमधल्या त्या खेड्यात दर दुसऱ्या गुरुवारी चर्चच्या फाटकाशी फिरत्या लायब्ररीची मोटार उभी राहायची आणि तिच्या पायरीवर पहिली काठी आपटायची ती हेटी लस्कम्बबाईंची. वय एकाहत्तर, कोंबड्या अकरा आणि नाद एकच, खुनाच्या गमतीदार कादंबऱ्यांचा. पोलीस डोकं खाजवत बसलेत आणि गावातली टोप्या शिवणारी एखादी बाई चहा पिता पिता खुन्याची मानगूट धरते, तसल्या.

वाचलेलं पुस्तक चुकून पुन्हा घरी येऊ नये म्हणून तिथल्या म्हाताऱ्यांची एक रीत होती. ज्याचं त्याचं पान ठरलेलं आणि त्यावर पेन्सिलीनं बारीकशी खूण. हेटीबाई सत्ताविसाव्या पानाच्या तळाशी एक अंडं काढायच्या. कुणाचं काय, हे अख्ख्या गावाला ठाऊक.

त्या वर्षी मात्र विपरीतच होऊ लागलं. जे नवं पुस्तक उचलावं त्यात अंडं! गोष्ट तर अक्षरानंही आठवेना. बाई पुस्तक परत फळीवर ठेवून द्यायच्या. थोरली बहीण मॉड अशीच विसरत विसरत शेवटी सख्ख्या नवऱ्याला दूधवाला समजून रिकाम्या बाटल्या त्याच्या हातात द्यायची. आता आपली पाळी?

त्यातच बाईंचं पित्ताच्या खड्यांचं ऑपरेशन झालं. पंधरा दिवस दवाखान्यात काढून बाई गुरुवारी सकाळी घरी आल्या आणि दुपारी काठी टेकत मोटारीत हजर. एक कोरं करकरीत पुस्तक हाती लागलं. सत्ताविसावं पान उघडलं. अंडं होतंच. बाईंचे डोळे भरले. चष्मा पुसता पुसता त्यांची नजर पहिल्या पानावर चिकटवलेल्या चिठ्ठीवर गेली. परतीच्या तारखेचा शिक्का एकच, तोही आजचा. म्हणजे हे पुस्तक जन्मात एकदाच बाहेर गेलेलं, पंधरा दिवसांपूर्वी. तेव्हा तर आपण भूल घेऊन आडव्या होतो!

डोकं शाबूत होतं. चोर दुसराच होता.

"ग्लेनिस, हे कुणी नेलं होतं गं?"

"कोण काय वाचतं ते मी सांगत नाही, बाई," मोटारवाली ग्लेनिस म्हणाली. "त्या बाबतीत मी डॉक्टर."

बरं. आयुष्यभर वाचलं ते काय वाया जाणार होतं? बाईंनी मोटारीतल्या सात-आठ जणांना ऐकू जाईल असा आवाज लावला, "छे! ह्यात काय वाचायचं? खून बेकरनं केलाय, पहिल्याच पानावर कळतं!"

"बेकरनं?" मागून सिरिल टॅपर उसळला. सिरिल म्हणजे गावचा जुना पोस्टमन, बाईंच्याच वर्गातला. "अगं, बेकर बिचारा तिसऱ्या प्रकरणापासून गोवरानं अंथरुणात! खून केला तो ऑर्गन वाजवणाऱ्यानं..."

आणि त्यानं जीभ चावली.

"सिरिल टॅपर! माझ्या नावानं अंडी तू काढतोस होय रे?"

"मग काय करू, हेटी? तू पुस्तक संपवलंस की दुसऱ्या दिवशी पावाच्या रांगेत उभी राहून खुनी कोण ते गावाला सांगून मोकळी! मी आपला सावकाश वाचणारा. चार वर्षांत एक खुनी मला माझा म्हणून सापडू दिला नाहीस. म्हटलं, नवं पुस्तक आलं की आधी अंडं काढून ठेवावं, ते दिसलं की तू ठेवून देशील, मी निवांत वाचेन."

"मी? मी सांगते?"

मोटारीतल्या झाडून सगळ्या माना हलल्या. ग्लेनिसचीसुद्धा.

आता काठी पडणार म्हणून सिरिलनं टोपी घट्ट धरली. पण बाई हसत सुटल्या, पोट दाबून, भिंतीला टेकून. "टाके... अरे, टाके उसवतील माझे! किती पुस्तकांत काढलीस?"

"एकोणीस."

"एकोणीस! म्हणजे एकोणीस माझी वाचायचीच आहेत!"

"अठरा," ग्लेनिस म्हणाली. "ह्यातला खुनी त्यांनी आत्ताच सांगितला."

मोटारीत होती तेवढी सगळी बाईंनी निवडून काढली आणि पिशवी सिरिलच्या खांद्याला अडकवली. वाटभर तो विनवत होता, "हेटी, निदान पावाच्या रांगेत तरी..."

"बघू," बाई म्हणाल्या. "आधी मला वाचू तर दे!" आणि टाके घातलेली बाई चालत नाही अशा चालीनं त्या घराकडे निघाल्या.