किटलीत दूध नव्हतं

सुमन गेल्याचा फोन आला तेव्हा गिरणीत बाजरी चालू होती. पट्ट्याच्या आवाजात मला काही ऐकू येईना. माझी सून अश्विनी मोबाईल घेऊन दारात उभी होती, तिचे नुसते ओठ हलताना दिसले. मी मोटर बंद केली. "आई, सुमनकाकू गेल्या," ती म्हणाली. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "कुठं?" कारण ही बाई सारखी कुठंतरी निघालेलीच असायची, आणि कुठं निघाली, कशासाठी निघाली, याचा पत्ता लावण्यात माझी काही वर्षं गेली होती. सकाळी तिच्या छातीत कळ आली आणि मंचरला दवाखान्यात पोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं... त्याला आता दोन महिने होतील.

सुमन माझी चुलत जाऊ. तिचा नवरा भोसरीला कंपनीत होता, तो निवृत्त झाल्यावर दोघं आमच्या अवसरीत परत आली. मी गावात गिरणी चालवते, आणि गिरणीवाली बाई संशयी असतेच. ओलं धान्य वाळलेलं म्हणून देणारे मी पाहिलेत, दुसऱ्याच्या डब्यात हात घालणारेही पाहिलेत. त्यातून सुमन येण्याच्या आधी गावात एक गोडबोलं जोडपं येऊन गेलेलं. सुनांना वजनकाट्यावर उभं करायचं, पेल्यात पावडर ढवळून पाजायची, आणि मग त्या पावडरीचा महागडा डबा विकायचा. एक दिवस ते जोडपं नाहीसं झालं. त्यांच्या रिकाम्या डब्यांत आता घरोघरी तूरडाळ असते. म्हणून सुमन जेव्हा म्हणायला लागली की लहान पोरांच्या आयांनी नीट खाल्लं पाहिजे, रोज चाललं पाहिजे, तेव्हा मी वाट बघितली. हिचा डबा कधी निघतो ते बघू म्हटलं.

त्याच सुमारास अश्विनी गिरणीत चक्कर येऊन पडली. गव्हाचा डबा उचलायला वाकली ती तशीच खाली बसली. पोरगी अंगानं चांगली भरलेली, पण जिना चढली की धाप लागायची. डॉक्टर म्हणाले, रक्त फार कमी आहे, असंच चाललं तर पुढं जड जाईल. नात तेव्हा दोन वर्षांची. सुमन बघायला आली आणि आल्या आल्या मलाच विचारलं, "अक्का, ही दिवसभर खाती काय गं?"

"पोटभर खाती की. उपाशी ठेवतो का काय आमी?"

"पोटभर खाती, पण कुणाचं?"

मला राग आला. पण दुसऱ्या दिवशी मी लक्ष ठेवलं. नातीनं टाकलेली अर्धी बिस्किटं, नातीची उरलेली मॅगी, तिच्या वाटीतला गार वरणभात, आणि मधे तीन-चार वेळा चहा. स्वतःचं असं ताट अश्विनीनं वाढून घेतलंच नाही. सगळ्यांची जेवणं झाल्यावर ती म्हणाली, "माझं झालं मगाशीच." गावातल्या निम्म्या सुना हेच वाक्य म्हणतात.

तरी संशय गेला नाही. सुमन सगळ्यांना नाचणी खायला सांगत होती, आणि तिचं माहेर वर डोंगराकडं, भात-नाचणीच्या मुलखात. माझ्या गिरणीत नाचणीचं दळण वाढायला लागलं तेव्हा मी मनात म्हटलं, असं आहे तर... भावाची नाचणी खपवते आहे बाई.

मग चालणं सुरू झालं. आमच्याकडं उसात बिबट्या असतो, त्यामुळं पहाटे-बिहाटे कुणी निघत नाही, ऊन पडल्यावरच घराबाहेर. आणि उजेडात सून नुसतीच चालताना दिसली की पारावरून प्रश्न येणार, "कुठं निघाली गं?" 'चालायला' हे काही आमच्याकडं उत्तर नाही. काम नसताना बाई रस्त्यावर कशाला? म्हणून सुमननं प्रत्येकीच्या हातात दुधाची किटली दिली. डेअरीला चाललो, म्हणायचं. युक्ती चांगली, पण तिला भोकं होती. डेअरीची गाडी तोवर दूध घेऊन कधीच गेलेली असायची, आणि ज्यांच्या दारात शेळीसुद्धा नाही त्यांच्या सुनाही किटली हलवत कालव्याच्या रस्त्यानं निघालेल्या. गावाला कसं कळलं नाही, देव जाणे. कदाचित हातात भांडं असलेल्या बाईकडं कुणी नीट बघतच नसावं.

मी बघितलं. परत येताना सुमन गिरणीत टेकायची आणि किटली दाराशेजारच्या खिळ्याला अडकवायची. एकदा मात्र ती चालायला जातानाच थांबली आणि पाणी प्यायला आत गेली. मी किटली हातात घेतली. रिकाम्या किटलीला एवढं वजन? झाकण काढलं तर आत फडक्यात गुंडाळलेली उकडलेली अंडी.

सुमन पाण्याचा तांब्या घेऊन उंबऱ्यात उभी होती. आमची शेजारीण हौसाक्का माळकरी, तिच्या घरात अंडं चालत नाही, आणि तिची सूनही या चालणाऱ्यांत. हे बाहेर पडलं असतं तर त्या पोरीचं घराबाहेर पडणंच बंद झालं असतं. सुमनला ते माहीत होतं, आणि मला माहीत आहे हेही माहीत होतं.

"घरी का न्हाई खात?" मी विचारलं.

"ज्यांच्या घरी चालतं तिथंबी अंडं आधी पोराला, मग त्याच्या बापाला. राहिलं तर सासऱ्याला. म्हणून तर पोरास्नी संगं आणायचं न्हाई असं सांगितलंय. पोर आलं की अंडं त्याच्याच तोंडात जातं, आईच्या जात न्हाई."

मी फडकं परत गुंडाळलं. "मीठ न्हाई घेतलं," एवढंच म्हणाले.

पुढं अश्विनीची धाप कमी झाली, डबे उचलायला लागली. सुमनचा डबा मात्र निघाला नाही तो नाहीच. मी विचारायचे, "तुला ह्यात काय मिळतं गं?" ती हसायची आणि किटली उचलायची...

दहाव्याला तिचा भाऊ भेटला. मी मुद्दाम विचारलं, "नाचणी किती हुती औंदा?" तो म्हणाला, "नाचणी? आमी कवाच सोडली. ताईच मंचरच्या बाजारातून आमाला घिऊन यायची." म्हणजे माझ्या संशयाचा तो धागाही तुटला.

सुमन गेल्यावर चालणं बंद पडलं. हौसाक्का गिरणीत सगळ्यांसमोर म्हणाली, "एवढी चालली, एवढं नाचणी-बिचणी खाल्लं, आन् गेलीच ना आमच्या आधी? आता बसा घरात." सुना घरात बसल्या. अश्विनीही बसली. परवा नातीचं जेवण झाल्यावर तिनं खाली सांडलेला भात गोळा करून तोंडात टाकला आणि मला म्हणाली, "माझं झालं, आई."

सुमनची किटली अजून माझ्या गिरणीत खिळ्याला आहे. तिच्या घरून कुणी न्यायला आलं नाही, मीही पाठवली नाही. काल सकाळी ती काढली, घासली, अंडी उकडली, फडक्यात बांधली. मिठाची पुडी आठवणीनं टाकली. अश्विनीच्या हातात दिली आणि म्हटलं, "जा, हौसाक्काच्या सुनेला हाक मार. तुझी पोरगी इथं राहील माझ्यापाशी."

ती कालव्याच्या वळणापर्यंत गेली असेल, तोवर हौसाक्का दळण घेऊन आली. आधी रिकाम्या खिळ्याकडं बघितलं, मग माझ्याकडं. ती नजर मी ओळखली. इतकी वर्षं सुमनकडं मी तशीच बघत होते.

"तुला गं काय मिळतं ह्यात?" तिनं विचारलं.

मी मोटर चालू केली. त्या आवाजात काही ऐकू येत नाही.